खाडीतल्या मासळीसाठी हलकी होडी: विकत घेण्यापूर्वी वजनाचा हिशेब करा

कोकण किनाऱ्यावर ट्रॉलर आणि पर्ससीनची चर्चा रोज होते. लहान होडीची मात्र कोणी फारशी दखल घेत नाही. वास्तविक बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग या खाड्यांच्या काठी अशी कितीतरी घरे आहेत की ज्यांची चूल दहा-बारा फुटांच्या होडीवर पेटते. पहाटे भरतीबरोबर आत जावे, पाग टाकून बोयटे धरावीत, कांडाळ लावावी, कुर्ल्यांचे पिंजरे उचलावेत आणि ओहोटी लागण्यापूर्वी किनारा गाठावा, असा हा धंदा आहे. राजीवडा, साखरीनाटे यांसारख्या वस्त्यांतील आपल्या बांधवांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

असा धंदा करणाऱ्याने होडी घ्यायची ठरवली की तो सर्वप्रथम किंमत विचारतो, मग लांबी आणि शेवटी इंजिन किती अश्वशक्तीचे बसेल ते. होडीचे वजन किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते क्रम नेमका उलटा पाहिजे. लहान होडीत वजन हाच सर्वांत मोठा खर्च असतो. तो खरेदीच्या पावतीवर दिसत नाही, पण पुढची दहा वर्षे पेट्रोलच्या, मजुरीच्या आणि बुडालेल्या दिवसांच्या रूपाने फेडावा लागतो. कर्ज काढून किंवा घरातले दागिने मोडून होडी घेणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करू. वन्य प्राणी व पक्ष्यांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. खाडीत उतरणारी रानबदके त्यातून सुटत नाहीत. म्हणून या लेखात होडीचा विचार केवळ मासे, कुर्ल्या, कालवे आणि तिसऱ्या यांच्यापुरता केला आहे.

आधी तीन प्रश्न

होडीच्या कारखान्यात पाऊल टाकण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

पहिला प्रश्न: होडी कोणत्या पाण्यात चालणार? खाडीच्या आतल्या शांत पाण्यात, मुखाजवळ, की मुखाबाहेर समुद्रात? आतल्या पाण्यासाठी योग्य असलेली होडी मुखाबाहेर नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. ओहोटीचा जोर बाहेर आणि वारा समोरून, अशी वेळ आली की मुखावरच्या वाळूच्या दांड्यापाशी लाटा उभ्या राहतात. तेथे सपाट तळाची हलकी होडी टिकत नाही.

दुसरा प्रश्न: होडीत रोज किती माणसे आणि किती सामान असणार? सणासुदीला किती बसतील हे येथे मोजायचे नाही. एक की दोन माणसे, जाळे किती किलोचे, बर्फाची पेटी आहे काय, हे लिहावे.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. होडी पाण्यापर्यंत न्यायची कशी आणि पाण्याबाहेर काढायची कशी? घरामागे धक्का असेल तर गोष्ट वेगळी. पण ओहोटीला पन्नास-शंभर पावले चिखल उघडा पडत असेल, तर त्या चिखलातून होडी ओढणारे हात किती आहेत, यावर सगळे अवलंबून आहे. मुलगा आखातात नोकरीला गेलेला आणि घरी बाप एकटा, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. त्या बापाला दीडशे किलोची होडी उपयोगाची नाही.

वजनाचे गणित

बारा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी सपाट तळाची होडी घेऊ. नाळेकडे ती निमुळती होत जाते, तेव्हा पाण्याला टेकणारा तळ साधारण साडेतीन चौरस मीटर धरावा. असा तळ एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ३५ किलो वजन लागते. आता माणसे दोन, त्यांचे १४० किलो. इंजिन, जाळे, नांगर आणि मासळी मिळून ७० किलो. होडी जाड फळ्यांची, १६० किलोची असेल, तर एकूण भार ३७० किलो झाला. ती साडेदहा सेंटिमीटर पाण्यात बसेल. तीच होडी ७० किलोची असेल, तर एकूण २८० किलो आणि खोली ८ सेंटिमीटर.

वाचक म्हणतील, फरक तर अडीच सेंटिमीटरचाच! खरे आहे. पाण्यावर तरंगताना हलकी आणि जड होडी यांत फार अंतर नसते. खरे अंतर चिखलात आणि वाळूत पडते. सत्तर किलोची होडी दोन माणसे दोन बाजूंनी धरून ओढू शकतात, लाकडी ओंडक्यांवरून एकटा माणूसही सरकवू शकतो. दीडशे-पावणेदोनशे किलोच्या होडीला चार माणसे बोलवावी लागतात. ती चार माणसे ज्या पहाटे मिळत नाहीत, ती भरती वाया जाते. उधाणाच्या चांगल्या भरत्या महिन्यात मोजक्याच येतात. त्यांतल्या दोन-तीन जरी चुकल्या तरी महिन्याचे गणित कोलमडते.

शिवाय जड होडी काढायला जिवावर येते म्हणून ती पाण्यातच बांधून ठेवली जाते. मग तिच्या तळाला शिंपले चिकटतात, लाकडाला खाऱ्या पाण्यातला पोखरणारा किडा लागतो आणि आयुष्य निम्म्यावर येते. हलकी होडी रोज काठावर येते, उलटी ठेवली जाते आणि कोरडी राहते. होडी टिकते ती कोरडी राहिल्याने, हे जुन्या मिस्त्रींचे सांगणे अगदी बरोबर आहे.

शिकाऱ्यांनी शिकवलेला धडा

हलक्या होडीचा हा विचार अतिशय बारकाईने केला तो अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी आणि त्यांच्यासाठी होड्या बांधणाऱ्या कारागिरांनी. तेथे दलदलीत आणि जंगलातल्या तळ्यांवर शिकारीला जाणाऱ्याला होडी नुसती चालवायची नसे, ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात उचलूनही न्यायची असे. न्यू जर्सी राज्यात हेझल्टन सीमन नावाच्या कारागिराने १८३६ साली बदकांच्या शिकारीसाठी सुमारे बारा फुटांची, बसक्या आकाराची, एका माणसाला ओढता येईल अशी होडी बांधली. बार्नेगाट खाडीच्या नावाने तो नमुना प्रसिद्ध झाला.

याहून बोधप्रद गोष्ट आहे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांची. हा गृहस्थ पेनसिल्व्हानियातला, धंद्याने चांभार, जोडे शिवणारा. जंगलात भटकण्याचा नाद, पण प्रकृती तोळामासा. उंची पाच फूट तीन इंच, वजन पन्नास किलोच्या आसपास आणि छातीचा आजार. मोठी होडी खांद्यावर घेणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कँटन गावचे होडी बांधणारे जे. हेन्री रश्टन यांच्याकडे आपल्या अंगकाठीला झेपेल अशी होडी मागितली. १८८० ची पहिली होडी सुमारे अठरा पौंडांची निघाली. पुढच्या वर्षीची सोळा पौंडांची. १८८३ साली रश्टन यांनी सीडर लाकडाची नऊ फूट लांब आणि २६ इंच रुंद होडी दिली. तिचे वजन होते साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो. साठी ओलांडलेल्या सीअर्स यांनी त्या होडीतून आडिरॉन्डॅक भागातील तळ्यांवर २६६ मैलांची सफर केली आणि तिची हकीकत शिकारीच्या साप्ताहिकात लिहिली. ते लेख वाचून रश्टन यांच्याकडे हलक्या होड्यांची मागणी वाढली.

इतकी हलकी होडी आपल्या खाडीत चालणार नाही. तीत एक सडपातळ माणूस आणि एक पिशवी एवढेच मावते. तरीही यातला धडा घेण्यासारखा आहे. गिऱ्हाइकाने आपले शरीर, आपला रस्ता आणि आपले ओझे सांगितले. कारागिराने त्याप्रमाणे माल कमी केला. दोघांपैकी कोणीही बाजारात तयार मिळते तेच बरे, असे म्हटले नाही.

दुसरे उदाहरण १९४४ चे. ग्रमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीतले विल्यम हॉफमन सुटीत कापड मढवलेली लाकडी होडी खांद्यावर वाहून थकले. ज्या पत्र्याची आपण विमाने बनवतो त्याचीच होडी का करू नये, असा विचार त्यांनी केला. तेरा फुटांचा पहिला नमुना ३८ पौंडांचा, म्हणजे १७ किलोंच्या थोडा वर निघाला. युद्ध संपताच कंपनीने अशा होड्या विकायला काढल्या. हातातले कसब तेच राहिले, माल नवा निघाला. आपल्या पत्राकाम करणाऱ्या बांधवांनी याची नोंद घ्यावी.

तळ कसा असावा?

आता आपल्या खाडीकडे येऊ. तळाचे मुख्य प्रकार तीन. सपाट तळ उथळ पाण्यात उत्तम, उभे राहून पाग टाकायला स्थिर आणि बांधायला सोपा. पण लाटेवर तो आपटतो आणि आडव्या वाऱ्यात सरकतो. गोल तळाची होडी वल्ह्याला हलकी आणि लाटेवर मऊ चालते. मात्र उभे राहिल्यावर डुलते. म्हणूनच दक्षिण कोकणात अरुंद होडीला बाजूने उलांडी जोडण्याची पद्धत पडली. उलांडी हा स्थैर्यावरचा फार हुशार आणि स्वस्त उपाय आहे. फक्त अरुंद नाल्यांत आणि खारफुटीत ती अडकते. तिसरा प्रकार म्हणजे पुढे व्ही आकार आणि मागे सपाट. हा मुखाजवळच्या पाण्याला बरा, पण थोडा महाग आणि जड.

आतल्या खाडीत पाग, कांडाळ आणि पिंजरे यांसाठी बारा फूट बाय चार फूट सपाट तळ हा चांगला मध्य आहे. रुंदी साडेतीन फुटांच्या खाली नेऊ नये. बाजूची उंची अशी हवी की माणसे, इंजिन, जाळे आणि मासळी धरूनही होडीची कड पाण्याच्या वर वीतभर तरी राहील. ती कमी राहत असेल तर माल कमी भरावा.

माल कोणता?

फळ्यांची होडी. साग किंवा ऐन अशा लाकडाची, गावच्या मिस्त्रीने बांधलेली होडी नीट सांभाळली तर वडिलांकडून मुलाकडे जाते. पण बारा फुटांची होडी दीडशे किलोच्या वर जाते, लाकूड महाग झाले आहे आणि दरवर्षी सांधे भरणे, तेल देणे चुकत नाही. ज्यांच्याकडे धक्का आणि माणसे आहेत त्यांनीच ती घ्यावी.

प्लायवूडची होडी. सहा मिलिमीटरची आठ बाय चार फुटांची एक शीट १२ किलोच्या आसपास भरते. बारा फुटांच्या साध्या होडीला चार शीट धरल्या तर ४८ किलो. वांक, बैठका आणि राळ मिळून होडी ६५ ते ७५ किलोंत बसते. केरळ आणि तमिळनाडूत मच्छिमारांच्या सहकारी संघांनी १९८० च्या दशकापासून अशा होड्या समुद्रात चालवून दाखवल्या. अट एकच: प्लायवूड खरे मरीन असले पाहिजे. शीटवर आयएस ७१० चा शिक्का पाहावा आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता एक तुकडा कापून तासन्‌तास उकळावा. थर सुटले तर माल परत करावा. कापलेली प्रत्येक कड राळेने बंद झालीच पाहिजे. प्लायवूडमध्ये पाणी शिरते ते कडेतूनच.

फायबरची होडी. काचतंतू आणि राळ यांची ही होडी आज सर्वत्र दिसते. बारा फुटांची होडी बांधणीनुसार ७० ते ९० किलो भरते. कुजत नाही, किडा लागत नाही, फुटली तर गावातला फायबर मिस्त्री दिवसभरात दुरुस्त करतो. पण यात फसवणुकीला वाव मोठा आहे, कारण वरच्या चकचकीत रंगाखाली थर किती हे दिसत नाही. उन्हात होडी उभी करून आतून पाहावे. पांढुरके, कोरडे डाग दिसले तर तेथे राळ मुरलेली नाही. नाण्याने ठोकून ऐकावे. आवाज एकसारखा टणक हवा, बद्द आवाज आला तर थर सुटला आहे. तळाला अंगठ्याने दाबावे, तो लवता कामा नये. भर पावसात ओल्या हवेत घातलेला माल शक्यतो घेऊ नये.

लाकूड आणि फायबर यांची सांगडही घालता येते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने चीक देणे थांबलेल्या रबराच्या झाडाचे स्वस्त लाकूड औषधी प्रक्रिया करून घेतले, त्यावर फायबरचा थर चढवला आणि आतल्या पाण्यासाठी होडी तयार केली. साधे लाकूडही योग्य प्रक्रियेने उपयोगात येते, हे त्यातून सिद्ध झाले.

ॲल्युमिनियमची होडी. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याची बारा फुटांची सपाट होडी ५० ते ६० किलोंत होते. दगडावर आपटली तरी पोचा पडतो, भोक सहसा पडत नाही. पण पत्रा समुद्री दर्जाचा, ५०५२ किंवा ५०८३ जातीचाच हवा. भांड्यांचा किंवा छपराचा पत्रा खाऱ्या पाण्यात खाल्ला जातो. वेल्डिंग आर्गॉनचे पाहिजे. तांब्याचा अंश असलेला तळरंग या होडीला कधीही लावू नये, पितळी स्क्रू बसवू नयेत. दोन धातू खाऱ्या पाण्यात भेटले की ॲल्युमिनियम झिजते. उन्हात ही होडी तापते आणि वल्हे आपटले की आवाजाने मासा पळतो. आत जुने जाळे किंवा रबरी चटई अंथरली म्हणजे दोन्ही त्रास कमी होतात.

प्लॅस्टिकची कयाक आणि हवेची होडी. एका माणसासाठी प्लॅस्टिकची कयाक २५ ते ३५ किलोंत मिळते. गळाने मासे धरणाऱ्यास ती बरी, जाळे ओढणाऱ्यास नाही. हवा भरायची होडी पिशवीत मावते हा तिचा गुण. पण कालवांनी भरलेल्या खडकावर तिचे कापड सुरीने कापल्यासारखे फाटते. रोजच्या धंद्यासाठी ती घेऊ नये.

इंजिन: जास्त म्हणजे चांगले नव्हे

पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. बारा फुटांची होडी ताशी आठ किलोमीटरच्या आसपास सुखाने जाते. तेवढ्याला दोन-अडीच अश्वशक्ती पुरते. त्यापुढे इंजिन वाढवले तर होडी पाण्यावर उचलली जाईपर्यंत पेट्रोल केवळ लाटा उठवण्यात जाते.

आकडे पाहा. दोन-अडीच अश्वशक्तीचे लहान इंजिन १३ ते १७ किलोंचे असते. आठ-दहा अश्वशक्तीचे ४० किलोंच्या घरात जाते. पूर्ण जोरात चालवल्यास पहिले तासाला सुमारे एक लिटर पेट्रोल पिते, दहा अश्वशक्तीचे चार लिटर. रोज दोन तास आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले तर ४०० लिटर विरुद्ध १,६०० लिटर. मधल्या १,२०० लिटरना आपल्या गावच्या भावाने गुणावे आणि मग दुकानदाराशी बोलावे. ज्याला रोज लांब, प्रवाहाविरुद्ध जायचे आहे त्याला मोठे इंजिन लागेल, हे मान्य. पण शेजाऱ्याकडे आहे म्हणून मोठे इंजिन घेणे परवडणारे नाही. जड होडीला मोठे इंजिन, मोठ्या इंजिनला आणखी जाड मागची फळी, असे हे चक्र फिरत राहते. हलक्या होडीपासून सुरुवात केली तर ते सुरूच होत नाही.

इंजिन लहान असो वा मोठे, परत आल्यावर ते गोड्या पाण्यात दोन मिनिटे चालवून धुवावे. वल्ह्यांची जोडी मात्र होडीत कायम असावी. इंजिन बंद पडते ते नेमके ओहोटीच्या जोरात.

बुडणार नाही अशी व्यवस्था

हलकी घ्या, स्वस्त घ्या, पण या एका बाबतीत काटकसर करू नका. लाकूड आणि प्लायवूड पाण्याने भरले तरी सहसा तळाला जात नाही. फायबर आणि ॲल्युमिनियम मात्र पाण्याने भरल्यावर सरळ बुडते. म्हणून अशा होडीत बंद हवेची किंवा फोमची जागा असलीच पाहिजे. ऐंशी किलोची फायबर होडी, लहान इंजिन, सामान आणि कडेला धरून राहणारी दोन माणसे यांचा विचार करता निदान शंभर लिटर जागा ठेवावी. वीस लिटरचे पाच कॅन, झाकणे पक्की बंद करून, दोन्ही बाजूंना समतोल राहतील असे बैठकांखाली घट्ट बांधले तरी काम होते. ते जितके कडेला आणि वर असतील तितके चांगले.

थर्माकोल वापरणार असाल तर सावध. पेट्रोल सांडले की तो विरघळतो आणि फायबरची पॉलिस्टर राळ लागली तरी विरघळतो. पॉलियुरेथेनचा फोम याला टिकतो. नवी होडी ताब्यात घेताना कमरेएवढ्या पाण्यात ती मुद्दाम पाण्याने भरून पाहावी. कड पाण्यावर राहिली तर पैसे द्यावेत. चांगला मिस्त्री या परीक्षेला नाही म्हणत नाही.

माणसे किती बसवावीत याचा एक सोपा आडाखा अमेरिकेत वापरतात: लांबी आणि रुंदी फुटांत गुणून पंधराने भागावे. बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस. भागिले पंधरा, म्हणजे तीन माणसे. यात माणूस ६८ किलोंचा आणि हवा शांत धरली आहे. जाळे व मासळी भरली की तिसऱ्या माणसाची जागा संपते. होडी दोघांचीच समजावी. जीवनरक्षक जाकीट अंगावर असावे, बैठकीखाली नव्हे. पट्टीचा पोहणाराही पाग किंवा जाळ्यात पाय अडकला की हतबल होतो.

जुनी होडी, कागद आणि पैसा

जुनी होडी घेण्यात गैर काही नाही. लाकडात पठाण आणि मागची फळी यांना टोकदार सुरी टोचून पाहावी. सुरी आत गेली तर व्यवहार सोडावा. फायबरमध्ये इंजिन बसते ती मागची फळी हलवून पाहावी, कारण आतले लाकूड बाहेरून न दिसता कुजलेले असते. ॲल्युमिनियममध्ये पाणी ओतून बाहेरून सांधे पाहावेत.

कागदांची टाळाटाळ महागात पडते. यांत्रिक होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. जुनी होडी घेताना नोंदणी आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. पावसाळी बंदीच्या तारखा दरवर्षीच्या सरकारी आदेशात पाहाव्यात. नव्या होडीच्या पावतीवर ती मासेमारीची होडी आहे असे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण मासेमारीच्या आणि करमणुकीच्या होडीला वस्तू व सेवा कराचे दर वेगळे आहेत. केंद्राच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छिमारांना होडी व जाळ्यांसाठी साहाय्य ठेवले गेले. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. खरेदीपूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कोणती योजना चालू आहे ते विचारावे. होडी घेऊन झाल्यावर केलेली चौकशी सहसा उपयोगी पडत नाही.

व्याजाचे कर्ज नको असणाऱ्यांना भागीदारीचा जुना मार्ग आहेच. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे वेगळे धरण्याची रीत किनाऱ्यावर अनेक ठिकाणी आहे. दोन भावांनी किंवा दोन शेजाऱ्यांनी मिळून होडी घ्यावी, पण दुरुस्ती कोणाच्या वाट्यातून आणि होडी विकली तर रक्कम कशी वाटायची, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. लेखी ठरले की नाते आणि धंदा दोन्ही टिकतात.

कारागिरांसाठी

शेवटी सुतार, फायबर मिस्त्री आणि पत्राकाम करणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून सांध्यावर काचपट्टी आणि राळ बसवायची, ही पद्धत इंग्लंडमध्ये १९६२ च्या ‘मिरर’ होडीने घरोघरी पोचवली. ती होडी सुमारे ४५ किलोंची होती. लोकांनी ती गॅरेजमध्ये बांधली. होडी शिवणे ही कल्पना मात्र आपल्या समुद्रात फार जुनी आहे. काथ्याने शिवलेल्या जहाजांचे वर्णन इब्न बतूता यांनी चौदाव्या शतकात केले आहे. त्याच जुन्या पद्धतीने गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. म्हणजे कसब परके नाही, फक्त माल बदलला आहे.

ज्याच्याकडे फर्निचरची कामे आहेत तो सुतार पावसाळ्यानंतरच्या हंगामासाठी दोन-चार अशा होड्या सहज बांधू शकतो. एक नियम पाळावा. प्रत्येक होडी वजन करून द्यावी आणि तिच्यावर तीन गोष्टी रंगवाव्यात: होडीचे वजन, माणसांची संख्या आणि जास्तीत जास्त इंजिन. जो मिस्त्री हे लिहून देतो त्याच्याकडे गिऱ्हाईक शेजारच्या गावातूनही येते.

आणि घेणाऱ्याने होडीला हात लावण्यापूर्वी एवढेच विचारावे: “मिस्त्री चाचा, हिचं वजन किती, आणि पाणी भरलं तर तरंगेल ना?” या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर लांबी, रंग आणि किंमत यांची बोलणी खुशाल सुरू करावीत.